चौथाईची पावती

१६७० च्या डिसेंबरात मराठ्यांची फौज खानदेशात उतरली. दोनच महिन्यांपूर्वी सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली होती, परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला दाऊदखानाशी गाठ पडून मोगलांचा मोड झाला होता. आता बऱ्हाणपुरालगतचा बहादूरपुरा आणि पुढे वऱ्हाडातले कारंजे ही भरल्या पेठांची ठिकाणे फौजेच्या हाती लागली. कारंज्याच्या लुटीवर पुष्कळ लिहिले गेले. त्याच मोहिमेत वाटेवरच्या खेड्यांत जे घडले ते मात्र बहुतेक इतिहासांत दोन-चार ओळींत आटोपते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या ग्रंथात ते नोंदवले आहे. प्रतापराव गुजरांनी खानदेशातल्या गावकामगारांकडून सालाबाद वसुलाचा चौथा हिस्सा भरण्याचे लेखी कबुलीपत्र घेतले. पैसा भरला की शिवाजी महाराजांच्या वतीने रीतसर पावती मिळायची होती, आणि जवळ पावती असलेल्या गावाला लुटीपासून अभय व वर संरक्षणही मिळेल असा शब्द होता. थेट मोगल अमलाखालच्या सुभ्यावर मराठ्यांची चौथाई बसली ती इथपासून, असे डफ म्हणतो. म्हणजे ज्या हक्काच्या बळावर पुढे मराठ्यांचे घोडे नर्मदेपार गेले, त्याचा पहिला मोगली कागद तापी-गिरणेच्या खोऱ्यातल्या कुणा पाटील-कुलकर्ण्याच्या घरात लिहिला गेला. चौथाई ही लूट होती की कर, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्याचे उत्तर चौथाईची व्याख्या करून सापडत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते त्या पावतीत शोधायला हवे. जिथे आणि जोवर पावती पाळली गेली तिथे तो कर होता; जिथे ती मोडली तिथे लूट. खानदेशाने पुढच्या दीडशे वर्षांत हे दोन्ही अनुभवले.

चाल करून येणाऱ्याला पैसा देऊन परतवायचे, ही गोष्ट जगात नवी नव्हती. इंग्लंडात तिचे नाव डेनगेल्ड. ९९१ साली माल्डनच्या लढाईत इंग्रज हरले आणि आर्चबिशप सिगेरिकच्या सल्ल्याने राजा एथेलरेडने डेन लोकांच्या आरमाराला १०,००० पौंड चांदी दिली. आरमार गेले आणि परत आले. ९९४ मध्ये १६,००० पौंड, १००२ मध्ये २४,०००, १००७ मध्ये ३६,०००, १०१२ मध्ये ४८,००० असा हा चढता हिशेब अँग्लो-सॅक्सन बखरीत दिला आहे. हे आकडे फुगवलेले आहेत की खरे, यावर लॉसन आणि गिलिंगहॅम या अभ्यासकांत मोठा वाद झाला. चांदी देशाबाहेर गेली याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. स्वीडनमध्ये त्या काळातली इंग्लिश नाणी हजारोंनी सापडली आहेत, आणि तिथल्या उपलांड प्रांतात उल्फ नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळेवर त्याने तोस्ती, थोर्केल आणि क्नूट या तीन सरदारांच्या हाताखाली इंग्लंडातून तीनदा पैसा घेतल्याची अभिमानाने नोंद आहे. या सगळ्या काळात पैशाच्या बदल्यात मिळालेल्या शब्दाला किंमत नव्हती. दिलेली रक्कम पुढच्या स्वारीचे आमंत्रण ठरत होती. १०१२ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अल्फेज डेन लोकांच्या कैदेत होता. आपल्या सुटकेसाठी पैसा गोळा करायला त्याने मनाई केली, कारण तो आपल्या कुळांच्याच पोटातून निघणार होता. दारू चढलेल्या सैनिकांनी ग्रीनिचला त्याला बैलांची हाडे फेकून मारले.

नेमक्या त्याच वर्षी कारभाराने वळण घेतले. थोर्केल आपली ४५ गलबते घेऊन इंग्लंडच्या राजाच्या चाकरीत शिरला, आणि त्याच्या पगारासाठी दर साल जमिनीवर पट्टी बसली. तिला हेरगेल्ड म्हणजे फौजपट्टी म्हणत. डेनगेल्ड हे नाव नॉर्मन काळातले. पैसा घेणारे हात तेच होते, पण आता बदल्यात काम होते आणि काम न केल्यास जाब विचारता येत होता. पुढे क्नूट स्वतःच इंग्लंडचा राजा झाला. एडवर्डने १०५१ मध्ये ही पट्टी उठवली, नॉर्मनांनी ती पुन्हा बसवली, आणि ११६२ पर्यंत ती वसूल होत राहिली. तोवर डेन लोकांचे भय कधीच सरले होते. १०८४ मध्ये विल्यमने दर हाइड जमिनीला ६ शिलिंग घेतले, त्याही वेळी इंग्रज शेतकऱ्याने कुणा लुटारूला परतवण्यासाठी पैसा भरला नव्हता. त्याने सरकारला कर भरला होता. युरोपातला हा दाखला मी इथे मांडतो तो एवढ्याचसाठी, की खंडणी आणि कर या दोन वेगळ्या जाती नसून एकाच देण्याच्या दोन अवस्था असू शकतात, हे त्यात साल-तारखेनिशी दिसते.

आपल्याकडच्या वादाची मांडणी मात्र या किंवा त्या टोकाला झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० च्या आपल्या ग्रंथात चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली: दुबळ्या सत्तेने संरक्षणाच्या बदल्यात बलवान सत्तेला द्यायचा खर्च. यदुनाथ सरकारांना हे मान्य नव्हते. चौथाई भरल्याने गाव मराठा स्वारापासून वाचे, पण परचक्र किंवा दरोडा आला तर धावून जाण्याचे कोणतेही बंधन महाराजांवर येत नव्हते, असे त्यांचे मत. सुरेंद्रनाथ सेनांनी मुळाकडे पाहिले. रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगीजांकडून आधीपासून चौथा हिस्सा घेत असे आणि त्यावरून त्याला 'चौथिया' म्हणत, हे त्यांनी पोर्तुगीज कागदांवरून दाखवले. १६७२ मध्ये रामनगर घेतल्यावर महाराजांनी तोच हक्क पोर्तुगीजांकडे मागितला. या तिन्ही मतांत तथ्य आहे, तरी तिघांचीही नजर घेणाऱ्यावर आहे. महाराजांनी काय मागितले, कोणत्या अधिकाराने, कोणते बंधन पत्करून. देणाऱ्या गावाच्या बाजूने पाहिले तर सरकारांचे म्हणणे १६७० च्या दशकाला बरेचसे लागू पडते आणि रानड्यांचे १७१९ नंतरच्या कागदांना. दोघे वेगवेगळ्या काळांबद्दल बोलत होते आणि भांडण मात्र एकाच शब्दावर झाले.

खानदेशच का, याचे उत्तर रस्त्यात आहे. सुरत बंदरात उतरलेला माल आग्र्याकडे जायचा तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करीत बऱ्हाणपुरावरून. तापीच्या काठाने जाणारी ही वाट मोगल साम्राज्याच्या मुख्य शिरांपैकी एक होती. काळी जमीन, कापूस, विणकरांची वस्ती. १६७४ मध्ये इंग्रजांनी धरणगावला वखार घातली ती इथल्या कापडासाठीच. अशा मुलखातल्या पाटलाने १६७० मध्ये कबुलीपत्रावर निशाणी केली तेव्हा त्याच्यापुढे मोठी तत्त्वे नव्हती. मोगल फौजदार बऱ्हाणपुराहून यायला दिवस लागत, मराठा स्वार रातोरात येई. खळ्यावर माल पडलेला, पेटवायला एक चूड पुरे. चौथा हिस्सा म्हणजे जड देणे, पण जळालेल्या गावापेक्षा हलके. अडचण पुढची होती. फौजदाराने आपला पूर्ण वसूल सोडला नव्हता. त्याच्या लेखी हा चौथा हिस्सा गनिमाला केलेली मदत होती. म्हणजे शंभराच्या जागी गावाला सव्वाशे द्यावे लागत, आणि त्यातले पंचवीस लपवूनही ठेवावे लागत. १६७५ मध्ये मराठ्यांनी धरणगाव लुटले, वर्षापूर्वीची इंग्रजांची वखार त्यात सापडली. १६७९ मध्ये धरणगाव पुन्हा आणि त्याबरोबर चोपडा, जी तेव्हा या सुभ्यातल्या सर्वांत भरभराटीच्या पेठांपैकी एक होती. १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव जाळले. कबुलीपत्रानंतरच्या पंधरा वर्षांत एका गावावर तीन घाले. पावतीने अभय विकत मिळते ही व्यवस्था पेठेच्या गावांपुरती तरी तेव्हा रुजली नव्हती, असेच यावरून म्हणावे लागते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मोगल आणि मराठे यांच्यात युद्ध चालू होते. औरंगजेबाच्या फौजा स्वराज्यात घुसून उभी पिके तुडवत होत्या. त्या फौजांचा खर्च ज्या सुभ्यांच्या वसुलावर चाले त्यांत खानदेश एक. शत्रूचे अन्न तोडणे आणि आपल्या फौजेचे पोट त्याच्याच मुलखावर भरणे ही लढाई आहे, तिला दरोड्याच्या तराजूत घालणे अन्यायाचे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि चौथाईच्या बाजूने मी त्याहून एक पाऊल पुढे जाईन. ज्याला फक्त लुटायचे असते तो पावती देत नाही. पावती देणे म्हणजे पुढच्या साली पुन्हा येऊ, तेव्हा हा कागद ओळखू आणि ठरल्याहून अधिक मागणार नाही, असे स्वतःला बांधून घेणे. डेन सरदारांनी वीस वर्षे जे केले नाही ते पहिल्याच मोहिमेत कागदावर आले. महाराजांच्या राज्यबुद्धीची ही खूण आहे. पण हेतू कितीही थोर असला तरी धरणगावच्या विणकराच्या मागावरचे कापड जळायचे राहिले नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी झाकण्याची गरज नाही. महाराजांचे मोठेपण त्याने उणे होत नाही.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला तोपर्यंत चित्र बदलले होते. मराठ्यांविषयी कडवटपणे लिहिणारा मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की मराठ्यांनी आता सुभे आपसांत वाटून घेतले आहेत, बादशाही रिवाजाप्रमाणे आपले सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमले आहेत. कमाविसदार चौथाई वसूल करतो, राहदार व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडून जकात घेतो. विरोधकाचा हा दाखला मोलाचा आहे, कारण तक्रार करता करता तो सांगतो ते कारभाराचे वर्णन आहे. खंडेराव दाभाड्यांनी सुरत-बऱ्हाणपूर वाटेवर मातीच्या गढ्या बांधल्या आणि जाणाऱ्या मालाचा चौथा हिस्सा घ्यायला सुरुवात केली. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने त्यांच्यावर झुल्फिकार बेगाला ८,००० फौज देऊन पाठवले, आणि तो फौजेसह बुडाला. मातीची गढी ही दिसायला किरकोळ गोष्ट. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत धान्याची पेवे आणि विहीर. खानदेशातल्या कितीतरी गावांत तिचे ढिगारे अजून उभे आहेत. पण स्वार आणि गढी यांत मोठा फरक आहे. स्वार घेऊन निघून जातो. गढीत बसलेल्या माणसाला पुढच्या महिन्यातही तांडा यायला हवा असतो, म्हणून वाटेवर दुसरा कोणी लुटणार नाही हे त्याला पाहावेच लागते. संरक्षण इथे दयेतून आले नाही, ते घेणाऱ्याच्या स्वार्थातून आले, आणि म्हणूनच ते टिकण्याजोगे होते.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली. या सनदांच्या अटी नीट वाचण्यासारख्या आहेत. चौथाईच्या बदल्यात बादशहाच्या चाकरीला १५,००० स्वार ठेवायचे. सरदेशमुखीच्या दहा टक्क्यांच्या बदल्यात मुलखात बंदोबस्त राखायचा, लुटारूंचे पारिपत्य करायचे, आणि चोरी झाली तर चोर धरून द्यायचा, नाहीतर चोरीचा ऐवज भरून द्यायचा. ही शेवटची अट दिल्लीच्या दफ्तरात नवी वाटली असेल. खानदेशातल्या खेड्याला ती ओळखीची होती. गावाचा जागल्या, जो इकडे बहुधा भिल्ल असे, याच अटीवर बलुते खात असे. रात्री गुरे गेली की पहाटे त्याने माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत नेऊन दिला तर जोखीम त्या गावाच्या जागल्यावर. आपल्याच शिवेत हरवला तर भरपाई आपल्यावर. सरदेशमुखीच्या सनदेने हाच गावरिवाज सहा सुभ्यांना लावला. सरकारांनी जे बंधन महाराजांच्या चौथाईत नाही म्हटले, ते इथे स्पष्ट शब्दांत लिहिलेले सापडते.

आकडे बोलके आहेत. सहा सुभ्यांचा कागदोपत्री वसूल १८ कोटींच्या वर, त्यात खानदेशाचा सुमारे ५७ लाख ५० हजार. म्हणजे एकट्या खानदेशाची चौथाई १४ लाखांच्या पुढे आणि सरदेशमुखी पावणेसहा लाख, मिळून वीस लाखांची बाब. चौथाईतला पाव हिस्सा राजाची 'बाबती'. सहा टक्के 'सहोत्रा' पंत सचिवांकडे, तीन टक्के 'नाडगौडा' राजाच्या मर्जीने द्यायचा, आणि उरलेले सहासष्ट टक्के 'मोकासा' म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांना. एका खेड्याच्या वहीत मोगलाचा हिस्सा, बाबती, सहोत्रा, मोकासा आणि सरदेशमुखी अशा वेगवेगळ्या धन्यांच्या ओळी आल्या. त्या मांडणारा कुलकर्णी आणि तपासणारा कारकून यांचे महत्त्व तलवारीइतके वाढले. या हिशेबात एक खोच होती, तीही सांगितली पाहिजे. मागणी धरली जाई ती जुन्या पूर्ण आकाराच्या तनख्यावर, प्रत्यक्ष पिकलेल्यावर नाही. चाळीस वर्षांच्या लढायांनी उजाड झालेला मुलूख तेवढे देऊ शकत नव्हता. बाकी कायम राहायची, आणि बाकी राहिली की स्वारीचा हक्कही राहायचा. बाळाजी विश्वनाथांनी ही तजवीज जाणून केली असे डफ म्हणतो. तो मराठ्यांचा मित्र नव्हता, तरी या बाबतीत त्याचे म्हणणे हिशेबाला धरून आहे. पावतीवर 'येणे बाकी' लिहिलेली असेल तर ती पावती अर्धीच.

पावतीचे खरे संकट मात्र दुसऱ्या बाजूने आले. १७२७ मध्ये निजामाने प्रश्न काढला की चौथाईचा धनी कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी? दोघांचा निकाल लागेपर्यंत वसूल थांबवतो. प्रश्न धूर्त होता आणि वर्मी लागणारा होता. देणाऱ्यापुढे दोन पावत्या आल्या की एकीलाही मोल उरत नाही. बाजीरावांनी उत्तर दिले ते वाद घालून नाही. खानदेशातून बऱ्हाणपुरावर हूल देत, गुजरातेत उतरून, निजामाला तोफखान्यापासून तोडत त्यांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्याला कोंडले, आणि मुंगी-शेवगावच्या तहात शाहू महाराजांचा हक्क कबूल करून घेतला. पुढे १७५२ च्या भालकीच्या तहाने खानदेशच पेशव्यांकडे आला. ज्या सत्तेला १६७० मध्ये लपूनछपून चौथा हिस्सा द्यावा लागे, तिलाच आता खानदेश सगळा वसूल उघडपणे देऊ लागला. क्नूट राजा झाला तसेच हे, फक्त इथे ब्याऐंशी वर्षे लागली आणि दर पायरीला कागद झाला. स्टुअर्ट गॉर्डन आणि रिचर्ड्स यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांवरून अठराव्या शतकातल्या खानदेशच्या परगण्यांचा अभ्यास केला आहे. त्यात दिसणारा मुलूख लुटारूंच्या छावणीचा नाही; देशमुख घराणी, वतनाचे तंटे, कमाविसदाराचे ताळेबंद यांचा आहे. आमच्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या दफ्तरांचे रुमाल जपले आहेत ते याच कागदी संस्कृतीचे वारस.

बंगालचे काय, असे इथे विचारले जाईल, आणि विचारलेच पाहिजे. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालात जे केले त्याचे वर्णन गंगाराम कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात केले आहे, आणि 'बर्गी' हा शब्द तिथल्या आयांच्या तोंडी मुलांना भिवविण्यासाठी राहिला. चौथाईला सभ्य कर म्हणणाऱ्याने ही बाजू टाळू नये. पण त्याच बंगालात १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली, मराठ्यांनी सुवर्णरेखा ओलांडायची नाही असे ठरले, आणि त्यानंतर ते घाले थांबले. म्हणजे करार होईपर्यंतची नऊ वर्षे लूट आणि करारानंतर खंडून ठरलेले देणे. बंगालचा दाखला माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही. उलट, करार किती रक्त सांडल्यावर झाला हे तो दाखवतो, आणि पावती येण्याआधीच्या काळाला गोड नाव देण्याची मुभा कोणालाच ठेवत नाही.

सगळ्यांत वाईट दिवस मात्र खानदेशाने चौथाईच्या काळात पाहिले नाहीत. ते आले चौथाई संपून गेल्यावर, आपल्याच राज्यात. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून पुण्याकडे निघाल्या. हा मुलूख तेव्हा पेशवे, होळकर आणि शिंदे यांच्यात परगण्या-परगण्यांनी वाटलेला होता. गावे पूर्ण वसूल भरत होती. तरी त्या एका वर्षात जे उद्ध्वस्त झाले ते भरून यायच्या आत १८०३-०४ चा दुष्काळ पडला. रयत गुजरातेत पांगली, जागल्ये भिल्ल गाव सोडून सातपुड्यात आणि सातमाळ्यात चढले आणि जी शेते राखायची तीच लुटू लागले. १८०४ च्या सुमाराला पेशव्यांच्या सुभेदाराने बोलणीसाठी म्हणून भिल्लांना कोपरगावला जमवून त्यांची कत्तल केली, तेव्हा डोंगर कायमचा बिथरला. मागून पेंढारी आले. या काळात गावाकडे पावती होती, सरकारी शिक्क्याची, शंभर टक्के वसुलाची, आणि तिची किंमत शून्य होती. आपल्या राजाला भरलेला पूर्ण कर हा शत्रूला भरलेल्या चौथाईहून मोठी लूट ठरू शकतो. 'आपला' आणि 'परका' या शब्दांनी कराची परीक्षा होत नाही, असे मला वाटते ते या दहा-पंधरा वर्षांमुळे. त्याच १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि ६,००० तैनाती शिपायांसाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. सहा सुभ्यांतून चौथाई घेणारे घराणे आता स्वतःच्या रक्षणासाठी देणारे झाले. रानड्यांची तुलना इथे उलट्या बाजूने खरी ठरली.

डोंगराचा हिशेब त्यानंतरही उरला. सातपुड्यातले आणि डांगातले भिल्ल नाईक मैदानातल्या गावांकडून दर साल काही रुपये, धान्य, कापड घेत. त्याला गिरास म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला धाकाने उकळलेला पैसा म्हटले. अजय स्कारिया यांनी डांगच्या इतिहासात दाखवले आहे की नाईकांच्या दृष्टीने तो राज्यातला त्यांचा वाटा होता. न मिळाल्यास स्वारी करणे ही त्या वाट्याची आठवण देण्याची रीत. चौथाई आणि गिरास यांच्यात मला जातीचा फरक दिसत नाही. फरक कागदाचा आणि आकाराचा आहे. अहिल्याबाई होळकरांना हे समजले होते. नर्मदेच्या डोंगरवाटांवरच्या भिल्लांना त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर थोडीशी 'भिलकवडी' घ्यायची परवानगी दिली आणि वाटेवरच्या चोरीची जोखीम त्यांच्यावर टाकली, असे इंग्रज अधिकारी माल्कमने लिहून ठेवले आहे. तलवारीपेक्षा ही तोड स्वस्त होती, आणि ती टिकली.

१८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेरचा किल्ला पडला, कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहू लागला आणि त्याने धुळ्याला ठाणे केले. इंग्रजांनी आधी बंदूक चालवून पाहिली. डोंगरात ती पुरी पडली नाही. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. ज्या गावाने तीन घाले सोसले तिथे आता माग काढणारे सरकारी पगारावर कवाईत करू लागले. थोर्केलच्या पंचेचाळीस गलबतांची गोष्टही याहून वेगळी नव्हती. गिरास बंद करणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून इंग्रजांनी तो बंद केला नाही. नाईकांनी गावात जाऊन घ्यायचे ते थांबवले आणि तेवढी रक्कम सरकारी खजिन्यातून द्यायला सुरुवात केली. गावाने सरकारला भरायचे, सरकारने नाईकाला द्यायचे. मधला माणूस बदलला आणि त्याबरोबर राज्य कोणाचे हेही ठरून गेले. डांग पुढे दीर्घकाळ खानदेशच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली राहिले, नंतर सुरतेकडे गेले, आणि स्वातंत्र्यानंतर गुजरातेत. पैसा थांबला नाही. दर वर्षी होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो. गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाच भिल्ल राजांचे वंशज सजवलेल्या बग्ग्यांतून मिरवत येतात, सरकारच्या हातून मानाचे पान आणि वर्षासन स्वीकारतात, आणि बाहेर होळीच्या बाजारात खानदेशातून आलेले व्यापारी आपापली पाले ठोकून बसलेले असतात.